शितावरून भात ठीक, पण खिचडी असेल तर?

म्हाडाच्या लॉटरीत नाव लागलं की घर मिळतं, फ्रान्समध्ये 2019 ला लॉटरीत नाव लागलेल्या 150 लोकांना होमवर्क मिळाला. झालं असं की इंधनावरचा टॅक्स वाढणार म्हणून लोक पिवळी जॅकेटं घालून रस्त्यावर उतरले, सरकारची पंचाईत झाली, शेवटी राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन म्हणाले बरं, लोकांनीच सांगावं कार्बन कसा कमी करायचा, आणि गरिबांवर बोजा न टाकता.

आता 150 जण म्हणजे अख्खा देश कसा काय? शितावरून भाताची परीक्षा आपण करतोच की, पण खिचडीत डाळ तळाशी बसते, वरवरचा चमचा घेतला तर फसलात. इथेही फोन नंबर रँडम काढले तरी 'हो येतो' म्हणणारे सगळ्या थरांतून सारखे येत नाहीत, म्हणून मग वय, स्त्री-पुरुष, शिक्षण, कामधंदा, प्रदेश, शहर की खेडं हे देशाच्या प्रमाणात जुळवून माणसं घेतात. हवामानाची कळकळ किती हे मात्र या यादीत नव्हतं, त्यामुळे थोडी डाळ तळाशी राहिलीच असणार असं आपलं मला वाटतं.

तर या मंडळींनी कित्येक वीकेंड तज्ज्ञांना प्रश्न विचारून विचारून जून 2020 मध्ये 149 प्रस्ताव दिले. हायवेवर स्पीड लिमिट 130 वरून 110 करा, हे मॅक्रॉननी थेट नाकारलं. जिथे ट्रेनने चार तासांत पोचता येतं तिथली देशांतर्गत विमानं बंद करा म्हणाले होते, कायद्यात आले अडीच तास. 2021 ला याच लोकांनी सरकारला मार्क दिले, 10 पैकी 3.3! पण तोवर त्यांचं काम संपलेलं, पुढे पाठपुरावा कोण करणार?

बेल्जियमची राजधानी असलेल्या ब्रसेल्सने 2023 पासून यावरच इलाज काढलाय, तिथली हवामानावरची अशी लोकांची सभा कायमची आहे. दर फेरीला चिठ्ठीने 100 नवीन माणसं येतात, अगदी सोळा वर्षांची पोरंसुद्धा. विषय सरकार ठरवत नाही, आधीच्या फेरीतले 25 जण ठरवतात. शिवाय 10 जण मागे थांबून सरकारचा पिच्छा पुरवतात, आणि एखादी शिफारस घेतली नाही तर का नाही घेतली हे सरकारला सांगावं लागतं.