पिकअपला कमी आवाजाचे एटी टायर : घेण्याआधी वाचावे असे काही

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक. एटी म्हणजे ऑल टेरेन : पक्क्या आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर चालणारा टायर.)

कारंजा, मूर्तिजापूर, मंगरूळपीर, मानोरा या भागातून आमच्या दुकानात येणाऱ्या पिकअपवाल्यांचं मागणं बहुतेक एकच असतं : "भाऊ, असा टायर द्या का रोडवर आवाज नाई आला पाह्यजे, अन् वावरात गाडी फसली नाई पाह्यजे." मागणं रास्त आहे. पण या दोन गोष्टी टायरच्या नक्षीत एकमेकींच्या विरुद्ध जातात. एक जितकी वाढवाल तितकी दुसरी कमी होते. म्हणून टायर दाखवण्याआधी आम्ही विचारतो : मागच्या महिन्यात गाडी किती किलोमीटर चालली आणि त्यातले पांदणीतले किती?

हिशेब केला की बहुतेकांचं उत्तर सारखंच निघतं. बाजार समिती, तालुका, पाहुणेराऊळे, संत्रा असेल तर नागपूरचं कळमना, हे सगळं डांबरावर नाहीतर सिमेंटवर. वावराचा रस्ता दोन-तीन किलोमीटर, तोही पावसाळा सोडला तर कोरडा. दहापैकी नऊ हिस्से पक्का रस्ता असेल, तर टायर त्या नऊ हिश्श्यांसाठी घ्यावा आणि उरलेल्या एकापुरती पकड त्यात आहे ना, एवढं पाहावं. आम्ही स्वतः एकदा उलटं केलं होतं. दुकानाच्या पिकअपला मोठ्या बटनाचे (बटन म्हणजे नक्षीतला रबराचा ठोकळा) चिखलाचे टायर, म्हणजे एमटी, घातले. पावसाळ्याचे चार महिने डोळ्यांसमोर होते, बाकीचे आठ विसरलो. साठच्या पुढे गेलं की केबिनमध्ये शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे, डिझेल जास्त जाई, आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारताना गाडी पूर्वीपेक्षा पुढे सरके. ते टायर झिजायच्या आत काढले. तो खर्च तुमच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे पत्रक.

आवाज येतो कुठून

215/75 आर 15 हे बोलेरोचं नेहमीचं माप घेऊ. या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी 80 किलोमीटरला तो सेकंदाला दहा फेरे मारतो. एका ओळीत साठ बटनं असतील, तर सेकंदाला सहाशे वेळा रबराचा ठोकळा रस्त्यावर आपटतो. सगळी बटनं एकाच मापाची असली तर सहाशे ठोके एका सुरात लागतात आणि कानाला टोचणारी घूंऽऽ ऐकू येते. चांगल्या टायरमध्ये कंपनी तीन ते पाच वेगवेगळ्या लांबीची बटनं मुद्दाम उलटसुलट लावते. ठोके तितकेच पडतात, पण सूर जमत नाही. आवाज विखुरतो आणि नुसती सर्र राहते. दोन टायर दुरून सारखे दिसतात आणि रस्त्यावर वेगळे वाजतात, त्यामागे बरेचदा हे एवढंच कारण असतं.

दुसरं कारण हवा. बटनांमधल्या खाचेत हवा भरते, टायर रस्त्याला टेकला की दाबली जाते आणि झटक्यात बाहेर पडते. खाच जितकी रुंद आणि कडेपर्यंत सरळ उघडी, तितकी शिट्टी मोठी. चिखल बाहेर फेकायला हीच उघडी खाच लागते. आवाज आणि चिखलाचं भांडण आहे ते इथे.

रस्ताही वाजतो. सिमेंटच्या रस्त्यावर पाणी निघून जावं, चाक घसरू नये म्हणून आडव्या रेघा ओढतात, त्यावर प्रत्येक टायर जास्त बोलतो. समृद्धी महामार्ग सिमेंटचा आहे. अमरावती–अकोला महामार्गाचा, जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला तो पट्टा, डांबरी आहे. तीच गाडी, तेच टायर घेऊन दोन्हीकडे जाऊन या, फरक कळेल. नवे टायर घालून थेट समृद्धीवर गेलेल्या गिऱ्हाइकाची तक्रार आली, की आम्ही आधी डांबरावर चक्कर मारून बघायला सांगतो.

टायर हातात घेऊन काय पाहायचं

बाजूवर "एटी" लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. ती अक्षरं कोणत्या सरकारी मापाने ठरत नाहीत. एकच कंपनी सौम्य एटीही विकते आणि जवळजवळ चिखलाचा म्हणावा असा एटीही. त्यामुळे नक्षी बघा.

टायरच्या मधोमध बोट फिरवा. बटनं एकमेकांना चिकटून, जवळपास अखंड पट्टीसारखी लागत असतील, तर तो पक्क्या रस्त्यावर शांत राहील आणि स्टिअरिंगही सरळ धरेल. मध्येच बोट खोल जात असेल तर आवाज असणार. मग खांदा, म्हणजे नक्षीची बाहेरची कड पाहा. तिथल्या खाचा अरुंद, तिरप्या असतील, किंवा तळाशी रबराच्या छोट्या पुलाने जोडलेल्या असतील तर चांगलं. बटनांवर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक रेघाही हव्यात. त्यांनी बटन मऊ टेकतं आणि ओल्या डांबरावर पकड मिळते. खाचेच्या तळाशी बारीक उंचवटे असले तर गिट्टी अडकून बसत नाही. अडकलेली गिट्टी टकटक करते आणि हळूहळू रबर कोरते.

बाजूवर चार आकडे असतात, तेही वाचा. 2325 म्हणजे 2025 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला. आयएसआय चिन्ह नसलेला टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. मोबाइलवर परदेशी टायर पाहून कोणी मागायला आले, तर आम्ही आधीच सांगतो की जून 2020 पासून टायरची आयात परवान्याशिवाय होत नाही, म्हणून त्यातले बरेच इथे सहज मिळत नाहीत. नेटवर टायरपुढे डेसिबलचा आकडा दिसतो, तो गाडी जाताना बाहेर, रस्त्याच्या कडेला यंत्राने मोजलेल्या आवाजाचा असतो, केबिनमधल्या नव्हे. तरी दोन टायरांची तुलना करायला तो कामाचा आहे. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते.

वजन : इथे तडजोड नाही

आवाज कमी-जास्त झाला तर चालून जातं, वजनाचं चुकलं तर टायर फुटतो. मापाच्या शेवटी आकडा आणि अक्षर असतं. 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो, 104 म्हणजे 900, 112 म्हणजे 1120, 116 म्हणजे 1250.

समजा, रिकाम्या पिकअपच्या मागच्या आसावर 700 किलो वजन आहे आणि सोयाबीनचे 1500 किलो पोते जवळजवळ सगळे मागेच बसतात. झाले 2200, म्हणजे एका टायरवर 1100. इथे 100 आकड्याचा, जीपसाठी बनवलेला एटी टायर घातला तर प्रत्येक चाकावर 300 किलो जादा. अकोल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात, तापलेल्या सिमेंटवर, सलग दोन तास. आमचं स्पष्ट मत : रोज दीड टन वाहणाऱ्या गाडीने एटीचा नाद करू नये. कंपनीने दिलेल्या मापाचा, तेवढ्याच भाराचा एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांचा) टायर, सरळ पट्ट्यांच्या नक्षीचा घ्यावा. तो शांतही असतो. असा ग्राहक आला तर आम्ही महागडा एटी विकत नाही.

एटी शोभतो तो डबल केबिनच्या गाड्यांना : कॅम्पर, व्ही-क्रॉस, हायलक्स, जिथे घरची माणसं बसतात आणि मागे थोडाफार माल असतो. व्ही-क्रॉसला 255/60 आर 18, हायलक्सला 265/65 आर 17 किंवा 265/60 आर 18 लागतो, पण घेताना आपल्या गाडीच्या दारावरचं स्टिकर बघूनच घ्या.

"थोडा मोठा बसवा, गाडी उंच दिसते" असंही बरेच जण म्हणतात. 215/75 ऐवजी 235/75 घातला की टायर 30 मिलिमीटरने उंच होतो. काटा 100 दाखवतो तेव्हा गाडी 104 ने पळत असते, उचल मंदावते, आणि भार भरून वळवताना टायर मडगार्डला घासू शकतो.

काळ्या मातीबद्दल

आपली माती ओली झाली की मेणासारखी चिकटते. दोन फेऱ्यांत एटीच्या खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. मोठ्या बटनाचाही भरतो, फक्त थोडा उशिरा. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या वावरातून गाडी काढून देईल असा टायर आम्ही कोणाला सांगत नाही. गाडी पांदणीच्या तोंडाशी उभी करावी आणि माल ट्रॅक्टरने आणावा. मुरूम टाकलेल्या पांदणीत, नदीकाठच्या रेतीत, कोरड्या ढेकळांत मात्र सौम्य एटी छान चालतो. त्याचा खरा फायदा वेगळाच आहे : रबर जाड असतं. तुरीचे, पऱ्हाटीचे छाटलेले खुंट आणि बाभळीचे काटे साध्या टायरमध्ये सहज घुसतात, एटीत तितके नाही. बाजूची भिंत मात्र एटीचीही फाटते, तेव्हा खुंटांच्या ओळीवरून चाक घालू नका.

शांत टायर शांत राहावा म्हणून

नवा एटी पहिल्या दिवशी शांत असतो, वर्षाने बोंबलतो, आणि दोष कंपनीला जातो. बहुतेक वेळा कारण झीज असते. बटनाची एक कड जास्त झिजते, टायर करवतीसारखा होतो. तळहात नक्षीवरून पुढे फिरवा, मग मागे. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने टोचला तर तेच झालंय. एकदा ते मुरलं की आवाज जात नाही. म्हणून दर 8,000 किलोमीटरला टायर पुढचे मागे, मागचे पुढे करून घ्या, स्टेपनी त्याच मापाची असेल तर तीही फेरीत घ्या. तेव्हाच अलाइनमेंट बघा. पाटे बदलले, खड्ड्यात जोरात आदळली, तरी बघा.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरात तपासा. 10 अंश तापमान वाढलं की टायरातला हवेचा दाब साधारण 2 पीएसआयने वाढतो, म्हणून दुपारी तापलेल्या टायरातली हवा काढू नका. दारावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगळे आकडे असतील तर दोन्ही पाळा. भाड्यासाठी ठासून भरलेली हवा ठेवून रिकामी गाडी पळवली की मधला पट्टा झिजतो आणि टायर दगडासारखा वाजतो.

आणि एक तपासणी. घूं आवाज रस्ता बदलल्यावर बदलत असेल तर तो टायरचा. रस्ता कोणताही असो सारखाच येत असेल आणि गाडी डावी-उजवी कलवल्यावर कमी-जास्त होत असेल, तर चाकाचं बेअरिंग बघून घ्या. टायर बदलून तो जाणार नाही, आणि आम्ही तसे विकणारही नाही.

दुकानात येताना गाडी रिकामी आणा, दारावरच्या स्टिकरचा फोटो काढून आणा, आणि महिन्याचे किलोमीटर व नेहमीचा माल किती किलो हे सांगा. टायर बसवल्यावर 500 किलोमीटरनंतर एकदा परत या. नट, हवा आणि झिजेची सुरुवात आम्ही पाहून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.