लघवीतून अंदाज, हाडांतून हिशेब

सांगली-मिरजेच्या इस्पितळांत एक्स-रे, कॅथ लॅब किंवा रेडिओथेरपी विभागात काम करणाऱ्यांच्या छातीवर एक चपटा बिल्ला दिसतो. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. त्याच्या आत कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. दर तीन महिन्यांनी बॅज तपासणीला जातो. चकत्या तापवल्या की उजळतात आणि त्या उजेडावरून अंगावर किती किरणोत्सार पडला ते काढता येतं. या मंडळींसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराचा शरीरावरचा परिणाम मोजायचं एकक) ही मर्यादा आहे. बॅज आपलं काम चोख करतो, पण त्याला फक्त बाहेरून आलेलं कळतं. किरणोत्सारी धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसली, तर त्याला पत्ताही लागत नाही.

एक्स-रे काढणाऱ्याला ही चिंता नाही, यंत्राचं बटण बंद केलं की विषय संपला. प्लुटोनियम, अमेरिशियम, युरेनियम हे किरणोत्सारी धातू हाताळणाऱ्यांचं तसं नाही. प्लुटोनियम-२३९ मधून अल्फा कण सुटतात. ऊतींमध्ये असा कण मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकाही जेमतेम जातो. त्वचेवर पडला तर वरच्या मृत थरातच अडकतो. पण प्लुटोनियम रक्तात शिरलं की त्याचा मोठा वाटा यकृतात आणि हाडांच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो, आणि तिथे त्याच्या टप्प्यात सगळ्या जिवंत पेशी असतात. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, सुमारे २४,००० वर्षं, म्हणजे माणसाच्या हयातीत ते स्वतःहून कमी होण्याचा प्रश्नच नाही. शरीरही ते बाहेर टाकायला फारसं राजी नसतं. हाडांतला साठा निम्मा व्हायला काही दशकं लागतात.

मग जिवंत माणसाच्या आत किती प्लुटोनियम आहे हे मोजायचं कसं? नेहमीचा मार्ग लघवीचा. चोवीस तासांची लघवी गोळा करायची, त्यातलं प्लुटोनियम वेगळं काढून मोजायचं आणि त्यावरून आतला साठा ठरवायचा. उसाच्या ट्रॉलीतल्या दोन कांड्या चाखून कारखान्याच्या अख्ख्या हंगामाचा साखर उतारा सांगण्यासारखंच हे आहे. साठ्यातला कितवा अंश रोज लघवीत उतरतो, हे आधी पक्कं माहीत असावं लागतं.

तो अंश जसा ठरला, ती हकिकत ऐकायला बरी नाही. १९४५ ते १९४७ या काळात अमेरिकेत अणुबॉम्बच्या प्रकल्पाशी जोडलेल्या डॉक्टरांनी अठरा रुग्णांना प्लुटोनियम टोचलं. काय टोचलं आणि कशासाठी, हे बहुतेकांना सांगितलंच नव्हतं. लॉस अलामॉस इथल्या अणुबॉम्बच्या प्रयोगशाळेतल्या राइट लँगहॅम यांनी प्रामुख्याने या रुग्णांच्या नोंदींवरून सूत्र बांधलं. पहिल्या दिवशी साठ्याच्या ०.२ टक्के प्लुटोनियम लघवीतून जातं आणि पुढे हे प्रमाण झपाट्याने घसरतं. सूत्र तसंच पुढे ताणलं तर १०,००० दिवसांनी, म्हणजे साधारण सत्तावीस वर्षांनी, आकडा ०.०००२ टक्क्यांच्या आसपास येतो. पण मुळात रुग्ण बरेचसे आजारी होते, त्यांच्यावरची देखरेखही थोड्याच काळाची होती, आणि प्लुटोनियम शिरेतून दिलेलं होतं. कारखान्यातला कामगार ते हुंगतो किंवा जखमेतून घेतो. तरी पुढची कित्येक वर्षं धडधाकट कामगारांच्या शरीरातला साठा याच सूत्रावर काढला जात होता.

१९६८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलंड गावी, हॅनफर्ड अणुप्रकल्पाच्या शेजारी, नॅशनल प्लुटोनियम रजिस्ट्री सुरू झाली. युरेनियमची वेगळी नोंदवही पुढे तिच्यात मिसळली आणि १९९२ पासून वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ हे काम बघतं. कल्पना सरळ होती. ज्यांच्या शरीरात हे धातू गेल्याची कामावरच नोंद आहे, त्यांनी हयातीत स्वखुशीने लिहून द्यायचं की मेल्यावर माझे अवयव किंवा अख्खा देह तपासा. संमती ठरावीक काळाने पुन्हा घेतली जाते आणि केव्हाही मागे घेता येते. आजवर पन्नासच्या आसपास माणसांनी पूर्ण देह दिला आणि तीनशेहून अधिक जणांनी काही अवयव.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दिलेला देह शरीररचनाशास्त्राच्या टेबलावर जातो आणि पहिल्या वर्षाची मुलं त्यावर शिकतात. तिथे देहाचा पूर्वेतिहास दुय्यम असतो. रजिस्ट्रीत मात्र तोच मुख्य. अपघात कधी झाला, जखम होती की श्वास, उपचार काय झाले, वीस-तीस वर्षं लघवीत काय काय सापडलं, ही सगळी चोपडी देहासोबत यावी लागते.

पुढचं काम चिकाटीचं आहे. बहुतेकदा एका बाजूची हाडं तपासतात आणि दुसऱ्या बाजूची राखून ठेवतात. प्रत्येक हाड, प्रत्येक अवयव वेगळा तोलायचा, भट्टीत त्याची राख करायची, ती आम्लात विरघळवायची. त्यात प्लुटोनियम-२४२ ची मोजून मापून मात्रा घालतात. प्रक्रियेत किती माल वाया गेला ते तिच्यावरून कळतं. मग प्लुटोनियम वेगळं काढून चकतीवर पातळ थर द्यायचा आणि सुटणारे अल्फा कण मोजत बसायचं, कधीकधी दिवसेंदिवस.

या आणि अशा अभ्यासांतून दिसलं ते असं: उशिराच्या वर्षांत लघवीतून जाणारं प्लुटोनियम लँगहॅम यांच्या सूत्रापेक्षा कितीतरी जास्त असतं. त्यामुळे जुने अंदाज बऱ्याचदा फुगलेले होते. माणसाच्या आत सांगितल्यापेक्षा कमी होतं. न विरघळणारं प्लुटोनियम ऑक्साइड फुप्फुसात आणि छातीतल्या लसिका ग्रंथींमध्ये दशकानुदशकं ठाण मांडून राहतं, हेही पक्कं झालं. फसवून मिळवलेली माहिती तोकडी पडली आणि संमती मागून मिळवलेली कामाला आली. यात विज्ञानापुरताही एक हिशेब आहे: विश्वास ठेवणारा माणूस तीस वर्षं नमुने देत राहतो.

१९७९ मध्ये पहिला पूर्ण देह आला, तो अमेरिशियम-२४१ शरीरात गेलेल्या एका रसायनतज्ज्ञाचा. अमेरिशियममधून अल्फासोबत मंद गॅमा किरणही निघतात, म्हणून ते बाहेरूनही टिपता येतं. त्याच्या अर्ध्या सापळ्यातली हाडं प्लॅस्टिकसारख्या द्रव्यात बसवून नमुनादेह तयार केले गेले आणि ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी आपली मापनयंत्रं त्यांच्यावर पारखून घेतली. कारण या हाडांत किती अमेरिशियम आहे हे नक्की ठाऊक होतं.

हॅरॉल्ड मॅक्क्लस्की यांचंही नाव या नोंदवहीत आहे. ३० ऑगस्ट १९७६ रोजी हॅनफर्डमध्ये अमेरिशियमच्या कामात स्फोट झाला आणि आम्ल व अमेरिशियम त्यांच्या चेहऱ्यावर उडालं. तेव्हा ते ६४ वर्षांचे होते. डीटीपीए या औषधाने बरंचसं अमेरिशियम लघवीवाटे काढता आलं. लोक मात्र त्यांच्या जवळ यायला कचरायचे. १९८७ मध्ये ते गेले ते हृदयविकाराने.

अशी उदाहरणं दाखवून ‘बघा, काही होत नाही’ म्हणणारे भेटतात आणि उलटं म्हणणारेही. दोघांनीही या नोंदवहीकडे बोट दाखवू नये. निवडक साडेतीनशे माणसांवरून कर्करोगाचा धोका ठरत नाही, त्यासाठी हजारो कामगारांची तुलना लागते. धातू कुठे जातो, किती राहतो, किती वेगाने निघतो, एवढंच इथे कळतं. आंतरराष्ट्रीय मर्यादा ज्या गणितावर उभ्या आहेत, त्याला नेमकी हीच माहिती लागते.

राखून ठेवलेल्या ऊती अजून वापरात आहेत. घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग देणाऱ्या जुन्या कामगारांचे अवशेषही याच भांडारात आलेत. अलीकडे त्यांतला मेंदू तपासला जातोय: रेडियम, प्लुटोनियम मेंदूच्या कुठल्या भागात किती बसतं, याचा शोध चालू आहे. त्यात अमेरिकेच्या अंतराळ संस्थेलाही रस आहे, कारण मंगळाच्या वाटेवर अंतराळवीराच्या मेंदूवर अल्फासारखे जड कण आदळणार आहेत.