सरकारी दप्तर आणि मुक्तस्रोत ऑफिस : पार्श्वभूमी

१९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. अशा वाटणीत दप्तराचे गठ्ठे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेले, तरी कागद वाचता येतो. मोडीतल्या कागदाला जाणकार लागतो हे खरे, पण मोडी कोणालाही शिकता येते. संगणकावरच्या फाइलीचे मात्र तसे नव्हते. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जुन्या फाइलींची अंतर्गत रचना कंपनीने २००८ साली सर्वांसाठी प्रसिद्ध केली. तोवर सरकारचे स्वतःचे दप्तर उघडण्याची हमी एका विक्रेत्याच्या हाती होती. सरकारी कचेऱ्यांनी मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा मूळ प्रोग्राम कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा, ऑफिस सॉफ्टवेअरकडे वळण्यामागे परवान्याच्या खर्चापेक्षा हे कारण मला अधिक गंभीर वाटते.

पर्याय जर्मनीतून आला. तिथल्या स्टारऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरची कंपनी अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये घेतली आणि २००० मध्ये त्याचा स्रोत खुला केला. त्यातून ओपनऑफिस आणि २०१० मध्ये लिबरऑफिस उभे राहिले. त्यांच्या ओडीएफ या फाइल-स्वरूपाला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

म्युनिक महापालिकेचा अनुभव सर्वांत बोलका आहे. विंडोज एनटीचा आधार संपत आल्यामुळे तिने २००३ मध्ये विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्तस्रोत संगणक-प्रणाली वापरण्याचा निर्णय घेतला, दहा वर्षांत सुमारे १५,००० संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये नगरसभेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. याला तंत्राचे अपयश म्हणणे मला घाईचे वाटते, कारण इतक्या मोठ्या बदलाला कित्येक वर्षे टिकणारा राजकीय पाठिंबा लागतो. त्याच जर्मनीतील श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचे जाहीर केले.

भारतात केंद्राने ई-प्रशासनासाठी २०१० मध्ये खुल्या मानकांचे आणि २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण आणले.

मराठी दप्तरापुढे आणखी एक अडचण आहे. युनिकोड ही सर्व लिपींसाठीची समान अक्षरसंकेत-पद्धत रुळण्यापूर्वीच्या फाँटांत टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा गुंता होऊन उमटतो, आणि लिबरऑफिस बसवल्याने तो सुटत नाही. त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या कचेरीत असा जुना मजकूर असेल, तर आधी तो युनिकोडमध्ये आणून जोडाक्षरे आणि रफार मूळ प्रतीशी ताडून पाहावे लागतात. सातबाऱ्यावरच्या नावात एक मात्रा चुकली, तरी शेतकऱ्याला दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात.