शिलालेखपंथ, चिनी सुलेखनातील

चिनी सुलेखनातील एक संप्रदाय. चिनी नाव ‘बेइश्वे’. ‘बेइ’ म्हणजे लेख कोरलेली उभी शिळा. छिंग राजवटीत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, तो बळावला. नामवंतांची हस्ताक्षरे गिरवण्याऐवजी दगडावरची जुनी अक्षरे गिरवायची, हे त्याचे सूत्र.

त्याआधी कित्येक शतके सुलेखनाचा मानदंड होता चौथ्या शतकातला वांग शीझी. गंमत अशी, की त्याच्या हातचे एकही अस्सल पान आज उरलेले नाही. सुंग सम्राट थायत्सुंगच्या आज्ञेने ९९२ मध्ये जुन्या हस्ताक्षरांचा दहा खंडांचा संग्रह कोरून घेण्यात आला. पुढे त्याच्या नकला निघाल्या, मग नकलांच्याही नकला, आणि दर खेपेस अक्षर थोडे बोथट होत गेले. उलट जुनी शिळा म्हणजे त्या काळाचा थेट पुरावा. छिंग काळातील पंडित शिळांकडे वळले ते मुळात ग्रंथांचे पाठ आणि इतिहास पडताळण्यासाठी. अक्षरांच्या रूपाने ते भारावले ते त्या ओघातच. रुआन युआन (१७६४–१८४९) याने उत्तरेकडील शिळांची आणि दक्षिणेकडील कागदावर लिहिलेल्या पत्रांची अशा दोन वेगळ्या परंपरा दाखवून देणारे निबंध लिहिले आणि या ओढीला तात्त्विक बैठक मिळाली.

शिळा गावोगाव विखुरलेल्या. अभ्यासकाच्या मेजावर यायचा तो त्यांचा ठसा. ओला पातळ कागद दगडावर चिकटवून ब्रशने ठोकत खाचांत बसवायचा, जरा सुकला की शाईच्या बोळ्याने वरून हलके थोपटायचे. खोलगट अक्षर पांढरे राहते, भोवतालचा दगड काळा उमटतो. आपल्याकडचे शिलालेख-अभ्यासकही असेच ठसे घेतात. मात्र ठशात अक्षराबरोबर दगडाचे टवके, भेगा, झीज हेही उतरते, आणि या पंथाची सगळी चव त्यातच आहे.

लुओयांगजवळच्या लोंगमेन लेण्यांतील ‘शृफिंगगुंग’ लेख (इ. स. ४९८) पाहावा. एरवी अक्षरे खोदलेली असतात. इथे भोवतालचा दगड खोदून ती उठावाने ठेवली आहेत, चौकटींच्या रेघांसकट. ठिपके त्रिकोणी, आडव्या रेघांची टोके पाचरीसारखी छाटलेली. मऊ केसांच्या कुंचल्यातून असे टोक सहजी निघत नाही; ते छिन्नीचे काम. तरीही झाओ झिच्यान (१८२९–१८८४) याने उत्तर वेई काळातील (चौथे ते सहावे शतक) अशा कोरीव अक्षरांचा ठोसरपणा कुंचल्यात आणला, आणि तोही लय न मोडता.

पंथाचा पाया घातला तो देंग शिरू (१७४३–१८०५) याने. नानजिंगमधील एका ग्रंथसंग्राहकाच्या घरी तो आठ वर्षे राहिला. पहाटे उठून थाळीभर शाई उगाळायची आणि रात्री ती संपल्यावरच निजायचे, असा त्याचा क्रम सांगतात. आधी मुद्रालिपी, म्हणजे शिक्क्यांवर दिसणारी प्राचीन लिपी; मग हान काळातील (इ. स. पू. २०६–इ. स. २२०) लिपिकशैली, म्हणजे कारकुनांच्या वापरातली लिपी. हे शाओजी (१७९९–१८७३) नावाचा सुलेखनकार तर मनगट आत वळवून, हात कमानीसारखा धरून लिही. अर्धे काम व्हायच्या आत अंगरखा घामाने भिजे, असे त्यानेच नोंदवले आहे.

वू चांगश्वो (१८४४–१९२७) या चित्रकार-सुलेखनकाराने आयुष्यभर धरून ठेवलेला आदर्श म्हणजे प्राचीन, ख्रिस्तपूर्व छिन राज्यातील (छिंग राजवट वेगळी) ‘शिलाडंके’: ढोलाच्या आकाराचे दहा दगड, त्यांवर शिकारीची वर्णने करणारी पद्ये. थांग काळात (सातवे ते दहावे शतक) ते उजेडात आले. पुढे त्यांपैकी एकाचा वरचा भाग कापून कोणीतरी चक्क उखळ बनवले. त्या दगडावरच्या ओळी वरून तुटलेल्या आहेत. हे दगड आता बीजिंगच्या राजवाडा-संग्रहालयात आहेत. वूच्या चित्रांतील वेली आणि फांद्यांतही हीच जाड, खरबरीत रेघ दिसते.

कांग यौवेई या सुधारकाने १८९० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात उत्तरेकडील शिळांची इतकी भलावण केली, की थांग काळाच्या शिळाही त्याला टाकाऊ वाटल्या. हा अतिरेकच होता. पुढे काहींनी झिजलेल्या दगडाची नक्कल म्हणून रेघ मुद्दाम थरथरवली. छीगुंग (१९१२–२००५) या सुलेखनकाराचा आक्षेप याच मुद्द्यावर होता: पाथरवटाची छिन्नी ओलांडून तिच्यामागचा कुंचला पाहायला हवा.

दरम्यान १८८० मध्ये यांग शौजिंग हा अभ्यासक हजारो ठसे घेऊन जपानला गेला. कुसाकाबे मेइकाकु हा जपानी सुलेखनकार आणि त्याच्या सोबत्यांनी ते पाहिले, आणि जपानी सुलेखनातही दगडी वळण शिरले.