हादरे थांबल्यावर धरण का घसरलं?

९ फेब्रुवारी १९७१ रोजी सकाळी सहाच्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सॅन फर्नांडो खोऱ्यात ६.६ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथल्या लोअर सॅन फर्नांडो या मातीच्या धरणाचा माथा जलाशयात घसरला. पाणी आणि उरलेला बांध यांत जेमतेम दीड मीटरचं अंतर राहिलं. खालच्या वस्तीतल्या सुमारे ८०,००० लोकांना घरं सोडावी लागली.

बर्कली विद्यापीठातले हॅरी बोल्टन सीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे चर खणले, बोअर घेतले. माथ्यावरच्या कंपनोंदीवरून एक चमत्कारिक गोष्ट दिसली: मोठी घसरण हादरे थांबल्यावर सुमारे अर्ध्या मिनिटाने झाली होती. धक्के संपलेले असताना माती सरकली कशाने?

पाण्याने भरलेली सैल वाळू हलली की कण जवळ येऊ पाहतात. मधलं पाणी तेवढ्यात निसटू शकत नाही, त्याचा दाब वाढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. याला द्रवीकरण म्हणतात. पण अर्ध्या मिनिटाचा उशीर एवढ्याने सुटत नाही.

प्रयोगशाळेत छोटं धरण करून हलवावं, तर ते फसवं निघतं. वाळूची ताकद तिच्यावरच्या दाबावर ठरते आणि हातभर उंचीच्या ढिगात तो दाब नसतोच. म्हणून मॉडेलचं वजन वाढवावं लागतं. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यासाठी ९ मीटर त्रिज्येचा सेंट्रिफ्यूज, म्हणजे लांब आडवा दांडा गरगर फिरवणारं यंत्र, आहे. गोफणीतला दगड जसा दोरी ताणतो, तशी त्याच्या टोकाची पेटी फिरताना बाहेर ओढली जाते. गुरुत्वाच्या ५० पट ओढ दिली, की ६० सेंटिमीटर वाळू ३० मीटर जाडीच्या थरासारखी वागते. (पवईच्या आयआयटी मुंबईतही साडेचार मीटर त्रिज्येचा सेंट्रिफ्यूज आहे.)

पेटीसुद्धा साधी नसते. धातूच्या कड्या एकावर एक, मध्ये रबर. त्यामुळे ती मातीबरोबर डोलते. वाळू ठरावीक उंचीवरून चाळणीतून पाडतात, म्हणजे घनता सगळीकडे सारखी राहते. मग निर्वातात द्रव हळूहळू मुरवतात. मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग, कारण हा द्रव बहुतेकदा निव्वळ पाणी नसतो. ५० पट ओढीत २० सेकंदांचा भूकंप ०.४ सेकंदात उरकावा लागतो, पण पाण्याचा निचरा २,५०० पट लवकर होतो. दोन्ही घड्याळं जुळवायला पाण्यात मिथाइल सेल्युलोज घालून ते ५० पट दाट करतात, म्हणजे निचराही ५० पटच लवकर होतो.

डेव्हिसच्या संशोधकांनी वाळूच्या उतारात बारीक गाळाचा पातळ थर पुरून तो हलवला. खालची वाळू बसत गेली, तिच्यातलं पाणी वर चढलं आणि गाळाखाली अडकलं. तिथली वाळू पाणी शोषून आणखी सैल झाली. काही प्रयोगांत हादरे थांबल्यावरही वरचा भाग याच पातळीवर सरकत राहिला. धक्क्याने फक्त दाब तयार केला होता. पाण्याला वर पोचायला वेळ लागला. सॅन फर्नांडोच्या उशिराचं हे एक स्पष्टीकरण मानलं जातं.

अडचण अशी, की प्रत्यक्ष जागेवर असा थर काही सेंटिमीटरचाच असू शकतो. दर दीड मीटरला एक नमुना काढणाऱ्या बोअरमध्ये तो सहज निसटतो. म्हणून शंका असेल तिथे टोकदार शंकू जमिनीत सलग दाबत नेतात आणि दर दोन-चार सेंटिमीटरला मातीचा प्रतिरोध नोंदवतात.