स्रेब्रेनित्साची विखुरलेली हाडे

जुलै १९९५मध्ये पूर्व बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथे बोस्नियन सर्ब सैन्याने सुमारे ८,००० मुस्लिम पुरुषांची आणि मुलग्यांची हत्या करून त्यांना सामूहिक कबरींत पुरले. काही आठवड्यांनी, पुरावा उघड होण्याच्या भीतीने, त्यांपैकी अनेक कबरी यंत्रांनी उकरण्यात आल्या आणि मृतदेह ट्रकांतून दूरच्या नव्या खड्ड्यांत नेऊन टाकले गेले. त्यामुळे एकाच माणसाची हाडे कित्येक किलोमीटर अंतरावरच्या दोन-तीन, क्वचित त्याहून अधिक कबरींत विखुरली.

ही लपवाछपवी मात्र अंगलट आली. कोझलुक येथील मूळ कबरीत बाटल्या भरण्याच्या कारखान्याने फेकलेली हिरवी काच होती आणि तशीच काच नंतरच्या कबरींतही मिळाली. तिच्या जोडीला माती, परागकण आणि काडतुसांच्या पुंगळ्या जुळवून कोणती कबर कोठून हलवली हे युगोस्लावियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे मांडता आले.

नावे शोधणे त्याहून कठीण होते. जघनास्थीच्या (कटीच्या पुढच्या भागातील हाडाच्या) पृष्ठभागावरून वयाचा आणि मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज करता येतो, परंतु येथे जवळजवळ सगळेच मृत एकाच भागातले पुरुष होते, आणि दातांच्या उपचारांच्या नोंदी फारशा उपलब्ध नव्हत्या. म्हणून बेपत्ता व्यक्तींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने क्रमच उलटा केला. आधी नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने गोळा करायचे, हाडातला डीएनए त्यांच्याशी जुळवायचा आणि मगच सांगाड्याकडे वळायचे. या पद्धतीने पहिली ओळख नोव्हेंबर २००१मध्ये पटली. आज ओळख पटलेल्यांची संख्या सात हजारांच्या घरात आहे.

एवढ्यावरून हाडे तपासणाऱ्या मानवशास्त्रज्ञाचे काम संपले, असे समजणे चुकीचे ठरेल (वर्तमानपत्री बातम्यांत तसेच भासते). दोन अविवाहित सख्खे भाऊ मारले गेले असतील, तर आईवडिलांच्या रक्ताशी दोघांचाही डीएनए सारखाच जुळतो. अशा वेळी हा थोरला की धाकटा, हे हाडांतील वयाच्या खुणाच सांगतात. शिवाय वेगवेगळ्या कबरींतून आलेली हाडे एकाच शरीराची आहेत का, सांध्यांचे पृष्ठभाग एकमेकांत बसतात का, हेही हातांनी तपासावे लागते. हाती केवळ काहीच हाडे आली असतील, तर ती लगेच दफन करायची की उरलेली मिळेपर्यंत थांबायचे, हा निर्णय मात्र कुटुंबाचा असतो. दफनानंतर आणखी हाडे सापडली, तर कुटुंबाच्या संमतीने कबर पुन्हा उघडली जाते.