प्रक्रिया एफएमईए : गटाची पूर्वतयारी

एखादी कार्यप्रक्रिया कोठे, कशी व कशामुळे बिघडू शकेल याचा आगाऊ शोध घेण्याच्या पद्धतीस ‘बिघाड प्रकार व परिणाम विश्लेषण’ म्हणतात. व्यवहारात ‘एफएमईए’ हे आद्याक्षरी नावच रूढ आहे. प्रस्तुत नोंद हे विश्लेषण करणाऱ्या गटाच्या पूर्वतयारीपुरती आहे.

उगम : पद्धतीचा आरंभ सामान्यतः अमेरिकी लष्कराच्या 9 नोव्हेंबर 1949 च्या ‘मिल-पी-1629’ या दस्तऐवजापासून धरतात. काही लेखक तो 1960 नंतरच्या दशकातील अंतराळ उद्योगात, विशेषतः अपोलो कार्यक्रमात शोधतात. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. अपोलोच्या काळात पद्धतीचा प्रसार झाला, एवढेच म्हणता येईल. मोटार उद्योगात ती फोर्ड कंपनीने 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात आणली आणि त्याचा संबंध पिंटो गाडीच्या इंधनटाकी प्रकरणाशी (मागून धडक बसल्यास टाकी पेट घेण्याचा धोका) सर्रास जोडला जातो. कालक्रम जुळत असला, तरी याला एकमेव कारण मानणे घाईचे होईल.

गटाच्या दृष्टीने हा वाद दुय्यम आहे. 1980 च्या ‘मिल-एसटीडी-1629ए’ या मानकाचाही रोख उपकरणे, त्यांचे भाग व तक्ते यांवरच होता. सूत्रधाराच्या देखरेखीखाली सर्वांनी एकत्र बसून प्रश्न विचारण्याची शिस्त रसायन उद्योगातील ‘हॅझॉप’ (धोके व कार्यचालन अभ्यास) पद्धतीत अधिक स्पष्टपणे दिसते. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत 1960 च्या दशकात ती आकारास आली. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील रसायन कारखान्यात 1 जून 1974 रोजी झालेल्या स्फोटात 28 जण मृत्युमुखी पडल्यानंतर तिचा प्रसार वेगाने झाला. हॅझॉपविषयीच्या आयईसी 61882 या आंतरराष्ट्रीय मानकात सूत्रधार, नोंदलेखक, संकल्पक, वापरकर्ता व देखभाल प्रतिनिधी अशा भूमिका नोंदल्या आहेत.

रचना व व्याप्ती : मुख्य गट साधारणपणे 4 ते 6 जणांचा असतो. त्यात प्रक्रिया अभियंता, उत्पादन, गुणवत्ता व देखभाल विभागांचे प्रतिनिधी असतात. टूलरूम वा पुरवठादाराकडील जाणकार गरजेपुरते बोलावतात. प्रत्यक्ष यंत्रावर काम करणारा ऑपरेटर पुष्कळदा वगळला जातो. ही उणीव मोठी आहे, कारण नट आवळण्याच्या यंत्राचा सॉकेट झिजला की तो नटावर कसा घसरतो हे त्यालाच ठाऊक असते. सूत्रधाराकडे प्रक्रियेपेक्षा पद्धतीचे ज्ञान असावे आणि त्याने शक्यतो त्याच लाईनचा प्रमुख नसावे. साहेबांसमोर शिफ्टमधल्या चुका कोणी मोकळेपणाने सांगत नाही.

बैठकीपूर्वी प्रक्रिया कोठून कोठपर्यंत धरायची हे ठरवून प्रक्रिया प्रवाह आलेख लाईनवर उभे राहून तपासतात. जुन्या रिजेक्शनच्या नोंदी व ग्राहकांच्या तक्रारी हाताशी ठेवतात. 2019 च्या एआयएजी व व्हीडीए या अनुक्रमे अमेरिकी व जर्मन मोटार उद्योगातील संस्थांच्या संयुक्त हस्तपुस्तिकेने नियोजन व तयारी हीच सातांपैकी पहिली पायरी केली असून तीत उद्देश, वेळ, गट, कामे व साधने ही पाच अंगे सांगितली आहेत.

नवख्या गटाचा गोंधळ बिघाड, परिणाम व कारण या तिहींत होतो. चाकाचे नट आवळण्याच्या स्टेशनवर ‘टॉर्क (आवळण्याचा पीळ) कमी लागणे’ हा बिघाड, ‘चाक सैल होणे’ हा परिणाम, ‘हवेचा दाब कमी असणे’ हे कारण. ‘ऑपरेटरची चूक’ असे लिहून कारणाचा रकाना भरला की विश्लेषण तेथेच थांबते. म्हणून असा एक नमुना गटाकडून आधी सोडवून घेतात.

गुणांकन : परंपरेने तीव्रता, संभव व शोध यांना प्रत्येकी 1 ते 10 गुण देऊन त्यांचा गुणाकार म्हणजे ‘आरपीएन’ (जोखीम अग्रक्रमांक) काढतात. शोधाची मोजपट्टी उलटी चालते : दोष हमखास पकडला जात असेल तर 1, पकडण्याची सोयच नसेल तर 10. पहिल्या बैठकीत यावरून हटकून घोटाळा होतो. गुणाकारावरील आक्षेप अधिक मूलगामी आहे. हे गुण केवळ क्रम दाखवतात. 8 ही तीव्रता 4 च्या दुप्पट आहे असा त्याचा अर्थ नाही. शिवाय 1 ते 1000 या पट्ट्यात प्रत्यक्षात 120 च निरनिराळ्या किंमती येऊ शकतात. तीव्रता 10, संभव 2, शोध 5 यांचा गुणाकार 100. तीव्रता 2, संभव 10, शोध 5 यांचाही 100. पहिल्यात जीव जाऊ शकतो, दुसऱ्यात किरकोळ गैरसोय. वरील हस्तपुस्तिकेने आरपीएनऐवजी तीव्रतेला अग्रक्रम देणारा ‘कृती अग्रक्रम’ स्वीकारला, तो या टीकेला धरूनच. कोणतीही पद्धत घेतली तरी मोजपट्ट्या आधी ठरवून पूर्वी घडलेल्या दोन-चार दोषांवर पडताळणे इष्ट. नाहीतर शंभर टक्के नजरतपासणीला शोधाचे किती गुण द्यावेत यावरच उत्पादन व गुणवत्ता विभागांत तास जातो.

रुग्णालयांत : अमेरिकेतील माजी सैनिक विभागाच्या रुग्णसुरक्षा केंद्राने 2001–02 च्या सुमारास आरोग्यसेवेसाठी वेगळी आवृत्ती तयार केली. तीत विषय ठरवल्यानंतर लगेच गट नेमण्याची पायरी येते. तीव्रता व संभव यांना प्रत्येकी 4 पर्यंतच गुण असून गुणाकार 8 वा अधिक आल्यास निर्णयवृक्ष (हो-नाही प्रश्नांची मालिका) वापरतात.

भारतात : आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकामुळे पुणे–चाकण पट्ट्यातील वाहन-भाग पुरवठादारांत प्रक्रिया एफएमईए सार्वत्रिक झाली असून तेथे गटाला ‘सीएफटी’ (क्रॉस-फंक्शनल टीम, म्हणजे विविध विभागांचा गट) म्हणतात. लहान कारखान्यांत मात्र एकच अभियंता जुन्या भागाचा तक्ता नाव बदलून पुढे करतो, असेही आढळते. अशा वेळी प्रवाह आलेख, एफएमईए व कंट्रोल प्लॅन (प्रत्येक टप्प्यावर काय व कसे तपासायचे याचा तक्ता) यांतील टप्प्यांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत आणि अनुभवी ऑडिटर प्रथम तेच ताडून पाहतो.